व्यायाम वाढवल्यावर सुटणारी खा खा: वजन उतरवताना भुकेला कसं हाताळायचं

व्यायामाचा पहिला आठवडा बहुतेकांना सोपा जातो. उत्साह असतो, भूकही फारशी जाणवत नाही. गडबड सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. दुपारी जेवून दोन तास होत नाहीत तोच पोटात कावळे ओरडायला लागतात, रात्री जेवण उरकल्यावरही स्वयंपाकघरात फेऱ्या चालू राहतात आणि महिनाभराने पाहावं तर वजनकाटा जागचा हललेला नसतो. मग लोक म्हणतात, ‘माझा स्वतःवर ताबाच नाही’, नाहीतर ‘व्यायामाने काही होत नाही’. मला दोन्ही पटत नाही. ही भूक खरी असते, पण बऱ्याचदा ती वेळापत्रक चुकल्यामुळे नको त्या वेळी उसळते. दिवसभर हात आखडून खाल्लेलं रात्री व्याजासकट वसूल होतं. म्हणून या लेखात भूक मारण्याच्या युक्त्या थोड्या आहेत आणि तिला वेळेवर खायला घालण्याबद्दल जास्त आहे.

आधी थोडा हिशेब

धावण्याचा ढोबळ नियम असा: दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे साधारण १ कॅलरी. ७० किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला तर ३५० कॅलरींच्या आसपास खर्च होतात. तेवढंच अंतर चालून कापलं तर बऱ्याच कमी. आता दुसरी बाजू बघा. सुक्या मेव्याची एक मूठ, म्हणजे ३० ग्रॅम, १७०-१८० कॅलरींची असते आणि दोन मिनिटांत संपते. ५० ग्रॅम चॉकलेट अडीचशेच्या पुढे जातं. अर्ध्या तासाची धाव भरून काढायला पाच मिनिटं पुरतात.

त्यात मनगटावरचं घड्याळ दिशाभूल करतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये असे सात पट्टे तपासले, तेव्हा कॅलरी मोजण्यात सर्वांत अचूक ठरलेला पट्टाही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होता आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळाने ४५० जाळल्या म्हटलं म्हणून ४५० कॅलरी खाऊन घेतल्या, तर तोटा कुणाचा हे सांगायला नको. शिवाय दमून आलेलं शरीर उरलेल्या दिवसात हळूच काटकसर करतं. एरवी चार वेळा उठला असता तिथे दोनदाच उठता.

याचा अर्थ व्यायाम भुकेला फक्त चेतवतोच असा नाही. जीन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंगमेहनत जास्त तसं खाणं जास्त, हे त्यांना दिसलंच, पण अगदी बैठं काम करणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. हलत्या शरीराला आपली गरज बैठ्या शरीरापेक्षा बरी कळते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

ही भूक येते कुठून

भुकेचा मुख्य निरोप्या म्हणजे घ्रेलिन. जपानी संशोधक कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये ते शोधलं. हे हार्मोन प्रामुख्याने जठरात तयार होतं आणि नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वर चढतं. भूक घड्याळ शिकते ती अशी. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे, लक्षात ठेवा.

दमवणारा व्यायाम केला की घ्रेलिन काही वेळ उलट खाली येतं आणि तृप्ती कळवणारी आतड्यातली हार्मोन्स वाढतात. म्हणून धापा टाकत घरी आल्यावर तासभर खायची इच्छाच होत नाही. ‘वा, भूकच नाही’ म्हणून माणूस जेवण पुढे ढकलतो आणि फसतो, कारण हा दबाव तात्पुरता असतो. तो उतरला की सगळी भूक एकदम अंगावर येते.

याखेरीज एक संथ हिशेबही चालू असतो. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात (१९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं). कमी खायला लागलात, चरबी घटू लागली, की लेप्टिन घटतं आणि मेंदू भूक वाढवतो. किती वाढवतो याचा अंदाज २०१६ मधल्या एका सुंदर अभ्यासातून मिळाला. लोकांना असं औषध दिलं होतं की लघवीवाटे साखर बाहेर पडायची, म्हणजे कॅलरी परस्पर जायच्या आणि त्यांना पत्ता नसायचा. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं: घटलेल्या दर किलोमागे रोजची भूक साधारण १०० कॅलरींनी वाढते, तर शरीराचा खर्च २०-३० कॅलरींनीच कमी होतो. चयापचय मंदावलं म्हणून जेवढी तक्रार होते, त्यापेक्षा अडचण भुकेची मोठी आहे.

पायरी १: दोन्हीकडून एकदम ओढू नका

सर्वांत नडणारी गोष्ट म्हणजे सोमवारपासून जिमही सुरू आणि आहारही निम्मा. पहिले दोन-तीन आठवडे व्यायामच वाढवा आणि खाणं जवळपास आहे तसं राहू द्या. व्यायामही एकदम नको. आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ, म्हणजे या आठवड्यात एकूण १०० मिनिटं झाली असतील तर पुढच्या आठवड्यात ११०. अंग रुळलं की मग खाण्यातून कपात करा. व्यायाम आणि कपात मिळून दिवसाची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, ३०० ते ५०० असावी. हजाराची तूट कागदावर फार देखणी दिसते, पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती कोलमडते आणि एका रात्रीत आठवड्याची कमाई जाते.

पायरी २: आठवडाभर भुकेची नोंद ठेवा

कॅलरी लिहू नका. फक्त चार गोष्टी लिहा: वेळ, भूक किती (१ ते १०), शेवटचं खाणं कधी आणि काय, त्या दिवशी व्यायाम कधी झाला. आठवड्याच्या शेवटी पान समोर ठेवलं की चित्र दिसतं. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांच्या नोंदीत रात्री नऊनंतर ८-९ चे आकडे दिसतात. सकाळी धावणाऱ्यांची भूक अकरा-साडेअकराला पेटते. आणि काहींची भूक व्यायामाच्या दिवशी शांत असते, पण दुसऱ्या दिवशी डोकं वर काढते. असे लोक सुट्टीच्या दिवशी मुद्दाम कमी खातात आणि नेमके तिथेच घसरतात.

नोंद करताना स्वतःला एक प्रश्न विचारा: आत्ता समोर साधं उकडलेलं अंडं किंवा मिठाशिवाय काहीही न घातलेली उकडलेली कडधान्यं ठेवली, तर खाईन का? हो असेल तर भूक खरी आहे. ‘ते नको, काहीतरी चटपटीत हवं’ असं असेल तर ती बहुधा कंटाळा, थकवा किंवा सवय आहे. तिच्यावरचा उपाय वेगळा.

पायरी ३: खाणं व्यायामाच्या जवळ आणि दिवसात अलीकडे आणा

हाच सगळ्याचा गाभा आहे, म्हणून एक दिवस उलगडून बघू. समजा तुम्ही संध्याकाळी सहाला व्यायाम करता. आत्ताचा दिवस असा जातो: सकाळी घाईत १५० कॅलरींचं काहीतरी, दुपारी ‘हलकं’ म्हणून ३५०, मग थेट व्यायाम. घरी आल्यावर तासभर भूक नाही. साडेआठला ताटावर बसता आणि ९०० कॅलरी कधी गेल्या कळत नाही. साडेदहाला फ्रिज उघडून उभ्या उभ्या आणखी ५००. एकूण १,९००. दिवसभर उपाशी राहिल्याची भावना मात्र खरी असते. त्यामुळे ‘मी तर काहीच खात नाही’ हे वाक्य माणूस अगदी मनापासून बोलतो.

आता हीच बेरीज वेगळी मांडू. सकाळी ४५०, दुपारी ६००, साडेचार-पावणेपाचला २००, व्यायामानंतर तासाभरात ६००. एकूण १,८५०. फरक अवघ्या ५० कॅलरींचा आहे, आणि वजन काही त्या पन्नासने उतरत नाही. फायदा दुसराच आहे. या दुसऱ्या मांडणीचा दिवस उद्याही तसाच पार पडेल. पहिल्या मांडणीतली रात्रीची ५०० परवा ७०० होईल की १,०००, याची खात्री नाही. दिवस असा ताब्यात आला की दुपारच्या ताटातून शंभर-दीडशे काढणं जमतं. आधी काढायला गेलात तर ते रात्री परत येतात.

साडेचारच्या खाण्याला लोक फालतू समजून वगळतात. माझ्या मते संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यासाठी दिवसातलं हे सर्वांत महत्त्वाचं खाणं आहे. एक फळ आणि वाटीभर दही, किंवा एक अंडं आणि पावाचा एक काप, एवढं पुरे. व्यायामात जोर राहतो आणि घरी येताना हात थरथरत नाहीत.

सकाळी व्यायाम करत असाल आणि तो हलका, पाऊण तासाच्या आतला असेल, तर आधी काही न खाताही चालतं. मात्र नंतरची न्याहारी तासाभरात करा आणि तिच्यात २५-३० ग्रॅम प्रथिनं येऊ द्या. भूक नाही म्हणून थांबू नका. ती नाही असं भासतं, एवढंच.

घ्रेलिनचं घड्याळ इथे तुमच्या बाजूने काम करतं. खाण्याच्या वेळा दोन-तीन आठवडे सारख्या ठेवल्या की भूकही त्या वेळांना यायला लागते आणि मधल्या वेळेची वखवख कमी होते.

पायरी ४: ताटात काय हवं

पहिलं प्रथिनं. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम हा वापरण्याजोगा आकडा आहे. ७० किलोच्या माणसासाठी ते साधारण ८५ ते ११० ग्रॅम होतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, शिजवलेल्या कडधान्यांच्या १०० ग्रॅममध्ये ७ ते ९ ग्रॅम, शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या तुकड्यात १०० ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आसपास, असे आकडे धरून बेरीज करून पाहा. सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात कोंबू नका, तीन-चार वेळांत वाटा. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि तुटीच्या काळात स्नायू टिकायला मदत होते.

दुसरं आकारमान. पोटाला कॅलरी मोजता येत नाहीत, ताण कळतो. भाज्या, सूप, पाणीदार फळं, कडधान्यं यांनी तो ताण थोड्या कॅलरींत मिळतो. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी १९९५ मध्ये वेगवेगळे पदार्थ समान कॅलरींचे देऊन लोकांचं पोट किती भरतं ते तपासलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले होते. उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, तर सर्वांत तळाला राहिलेल्या लोणीदार क्रोआसाँला ४७. ज्या बटाट्याला वजन उतरवणारे लोक शत्रू मानतात तोच पहिला आला! तळला की मात्र गोष्ट बदलते.

तिसरं, कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं कमी करा. केविन हॉल यांनीच २०१९ मध्ये २० जणांना संस्थेतच ठेवून दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं आणि पाहिजे तेवढं खायला सांगितलं. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. ही तुमची अख्खी तूट झाली.

कर्बोदकं बंद करू नका. व्यायाम वाढवल्यावर स्नायूंना ती लागतात. ती पूर्ण काढली की व्यायाम ढिला पडतो आणि गोडाची ओढ वाढते. आणि सावकाश खा. दहा मिनिटांत ताट संपत असेल तर वीस मिनिटांवर न्या, तृप्तीचा निरोप पोचायला वेळ लागतो.

पातळ कॅलरींबद्दल थोडक्यात. गोड पेयं, रस, दारू यांनी पोट भरल्यासारखं वाटत नाही, कॅलरी मात्र पुऱ्या लागतात. तासाभराच्या आतल्या व्यायामाला स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नसते, पाणी पुरतं.

पायरी ५: व्यायामाची निवड

कोणत्याही व्यायामाने कमी-जास्त भूक लागणारच, पण काही गोष्टी आपल्या हातात असतात. थंड पाण्यात पोहल्यावर भूक विशेष भडकते. पोहणं आवडत असेल तर सोडू नका, बाहेर आल्यावर काय खायचं ते आधीच डब्यात भरून न्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम ठेवा. त्याने कॅलरी फार जळत नाहीत, पण उतरणारं वजन स्नायूंचं नसून चरबीचं असावं यासाठी तो हवाच. उरलेल्या दिवसांत रोज दम काढण्यापेक्षा भरपूर चालणं बरं. जेवणानंतरची वीस मिनिटांची चाल तर मला सर्वांत आवडते, कारण तेवढा वेळ माणूस स्वयंपाकघरापासून लांब राहतो.

दीड-दोन तासांचा लांब पल्ला असेल त्या दिवशी वजन उतरवण्याचा विचार बाजूला ठेवा. अशा व्यायामात चालू असतानाच तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेतात, ती घ्या. त्या दिवशी तूट ठेवायचा हट्ट धरलात तर पुढचा अख्खा दिवस चरण्यात जातो.

पायरी ६: तरीही रात्री भूक लागली तर

रात्री साडेदहा. उकडलेल्या अंड्याचा प्रश्न विचारलात आणि उत्तर ‘हो’ आलं. मग खा. ताटलीत घेऊन, बसून, १५०-२०० कॅलरींचं आणि प्रथिनं असलेलं काहीतरी: दही, दूध, अंडं. पाकिटातून थेट खाऊ नका, पाकिटाला तळ असतो पण तो दिसत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तर दात घासा आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करा. अगदी साधा उपाय आहे, पण चालतो. आठवड्यात तीनदा उत्तर ‘हो’ येत असेल, तर दुपारचं जेवण किंवा साडेचारचं खाणं तोकडं पडतंय. दुरुस्ती तिथे करायची.

‘आज एवढा घाम गाळला, आता हक्क आहे’ या विचाराकडेही लक्ष ठेवा. बक्षीस जरूर द्या, फक्त ते खाण्याचं नको. आणि आवडीचा गोड पदार्थ खायचाच असेल तर आठवड्यातला दिवस ठरवून, जेवणानंतर, भरल्या पोटी खा.

पायरी ७: झोप

पहाटे व्यायाम करायचा म्हणून झोपेला कात्री लावत असाल तर सौदा तोट्याचा आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपण्याची मुभा असलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि भूकही वाढली. उलट बाजूने, २०२२ मध्ये कमी झोपणाऱ्या जाड व्यक्तींची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढवली, तर त्या आपसूक दिवसाला २७० कॅलरी कमी खाऊ लागल्या. आहाराबद्दल त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. पाच तास झोपून पहाटे धावण्यापेक्षा सात तास झोपून संध्याकाळी चाललेलं चांगलं.

पायरी ८: काट्याकडे बघण्याची पद्धत

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन थोडं वाढलं तर घाबरू नका. व्यायामाला सरावणारे स्नायू ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी येतं. दुखऱ्या स्नायूंतही पाणी धरलं जातं. रोज सकाळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावा. पाळीआधी पाणीही धरलं जातं आणि भूकही वाढते. त्या दिवसांत शंभर-दोनशे कॅलरी वाढवून घेतल्या तर बिघडत नाही.

चार आठवड्यांची सरासरी हलली नाही तर १००-१५० कॅलरी कमी करा. उलट भूक सतत ७ च्या वर, चिडचिड, थंडी वाजणं, व्यायामात जोर नसणं, असं चालू असेल तर तूट जास्त आहे. शंभर-दोनशे वाढवा. पाळी थांबणं, हाडात एका जागी टोचणारं दुखणं, पुन्हा पुन्हा आजारी पडणं ही मात्र शरीराला गरजेपेक्षा फार कमी मिळत असल्याची लक्षणं आहेत. तिथे स्वतः प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतरची थरथर, घाम आणि एकाएकी लागलेली भूक ही साखर उतरल्याची खूण असू शकते. आधी साखर तपासा, आणि व्यायाम वाढवण्यापूर्वीच डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला. स्टेरॉइड्स आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही भूक वाढवतात. ती मनाने बंद करू नका. आणि पोट फुटेस्तोवर खाणं, मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करणं, असं चक्र सुरू झालं असेल तर वरच्या पायऱ्या बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

तूट दोन-तीन महिने चालली की दोन आठवडे थांबा. व्यायाम तसाच, पण खाणं वजन स्थिर राहील एवढं. वाढ करताना एकदम ५०० नको, आधी दुपारच्या ताटात १५०-२०० घाला, चार-पाच दिवस बघा, मग साडेचारच्या खाण्यात. हे दोन आठवडे संपेपर्यंत भुकेची वही पुन्हा काढून ठेवा, कारण पुढचा टप्पा कमी वजनाच्या शरीराने सुरू होणार आहे आणि त्याचे आकडे पहिल्यासारखे नसतील.